‘पाणी नाही’ आणि ‘पाणी दिसले नाही’

रेसिडेंट डॉक्टरांना खाटेजवळची सोनोग्राफी शिकवताना मी अलीकडे एक लबाडी करतो. सिम्युलेटरवरच्या, म्हणजे सोनोग्राफीची नक्कल करणाऱ्या सरावाच्या यंत्रावरच्या, निम्म्या केसेस मी पूर्णपणे नॉर्मल ठेवतो. सुरुवातीच्या तुकड्यांना प्रत्येक केसमध्ये काही ना काही आजार मिळत असे, त्यामुळे प्रोब (अंगावर फिरवायचा हातातला भाग) टेकवताच त्यांना ‘फ्री फ्लुइड’, म्हणजे आत मोकळे साचलेले पाणी किंवा रक्त (रिपोर्टमध्ये त्याला नुसते ‘पाणी’ म्हणतात), दिसू लागे आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी किंवा भरलेले जठरही रक्तच वाटे.

पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात कॅज्युअल्टीत सर्वांत जास्त उपयोगी पडते ती ‘फास्ट’, म्हणजे अपघातातल्या रुग्णाची आतल्या रक्तस्रावासाठी झटपट केलेली सोनोग्राफी तपासणी. यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामधली फट, प्लीहा आणि डावे मूत्रपिंड यांचा परिसर, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण अशा चार जागी रक्त साचले आहे का, एवढेच तीत पाहायचे असते. जागा पाठ व्हायला एक दुपार पुरते. हात वळायला मात्र वेळ लागतो. प्रोब सरकवणे, झुकवणे आणि जागच्या जागी फिरवणे या तीन निरनिराळ्या हालचाली आहेत, पण नवशिका त्या तिन्ही एकदम करतो आणि चित्र कशाने हरवले हे त्याला उमगत नाही. सिम्युलेटरच्या पडद्यावर प्रोबची लहर शरीराच्या नेमक्या कोणत्या भागातून जाते आहे हे बाजूच्या चौकटीत दिसते. खऱ्या यंत्रावर ही सोय नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती चौकट बंद करतो आणि सर्वांची नाराजी ओढवून घेतो.

सरावासाठी खरे यंत्रच का देत नाही, असे बाहेरचे लोक विचारतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राची आणि ते हाताळणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे. सिम्युलेटरच्या प्रोबमधून ध्वनिलहरी निघतच नाहीत, त्यामुळे त्यावर कोणीही शंभर वेळा चुकावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र मी रिपोर्टमधल्या एका वाक्यावर घालवतो. ‘पाणी नाही’ असे कोणी लिहिले की मी ते खोडून ‘पाणी दिसले नाही’ असे करायला लावतो, कारण थोडे रक्त सोनोग्राफीत निसटू शकते आणि अपघातानंतर लगेच केलेली तपासणी तासाभराने खोटी ठरू शकते. विद्यार्थ्यांना हा शब्दांचा कीस वाटतो, हे मला ठाऊक आहे.

सिम्युलेटरमधल्या रुग्णाचे मूत्राशय नेहमी भरलेले असते, त्यामुळे त्यामागचे पाणी स्वच्छ दिसते. मध्यंतरी एका रात्री कॅज्युअल्टीत कॅथेटर (लघवी काढून टाकणारी नळी) आधीच घातलेला रुग्ण होता. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने तीन जागांबद्दल ‘दिसले नाही’ लिहिले, चौथीपुढे ‘मूत्राशय रिकामे, सांगता येत नाही’ असे लिहिले, खाली वेळ टाकली आणि पुन्हा तपासणीसाठी यंत्र खाटेजवळच राहू दिले.