नळीत रंग होता

लाल रंगद्रव्य, कोरड्या वजनाच्या अवघं ०.९ टक्के. हा आकडा मी तिसऱ्यांदा लिहिला आणि शेवाळाची ती टाकी ओतून द्यावी, अशी शिफारस पाठवली. अर्ध्या तासात वाढ-विभागाच्या मॅडम काचेची नळी घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या. नळीत त्याच टाकीचा अर्क होता, गडद लाल.

"तुझा आकडा खरा असेल तर हा रंग कशाचा, ते सांग."

मला सांगता आलं नाही.

आमचं काम अ‍ॅस्टाझॅन्थिन मिळवण्याचं. सॅमनच्या मांसाला आणि कोळंबीला लाली देणारं हे रंगद्रव्य जोरदार अँटिऑक्सिडंट आहे. हिमॅटोकॉकस नावाचं सूक्ष्मशैवाल ते बनवतं, पण सुखात असताना नाही. आधी हिरव्या पेशी दोन शेपट्या हलवत पोहत असतात. त्यांचा नायट्रोजन तोडायचा, प्रकाश वाढवायचा, मग त्या पोहणं थांबवतात, फुगतात, जाड कवच घेतात. लाली आधी केंद्रकाभोवती तेलाच्या थेंबांत दिसते आणि तिथून कडेपर्यंत पसरते. प्रकाश लवकर वाढवला तर पेशी पांढऱ्या पडून मरतात, उशिरा वाढवला तर टाकीत बुरशी शिरायला वेळ मिळतो. ती नेमकी वेळ मॅडम सूक्ष्मदर्शकात बघून ठरवतात. हे कौशल्य कुठल्याही कार्यपद्धतीच्या कागदावर नाही आणि आमच्या बैठकांमध्ये त्याला किंमतही नाही. तिथे दशांशातला आकडा चालतो, आणि तो मी पुरवतो.

त्या सकाळी मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. यीस्टचे नमुने त्याच एचपीएलसीवर व्यवस्थित येताहेत."

ते खरंही होतं. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर काढणारं यंत्र. फाफिया हे आमचं दुसरं घोडं. यीस्टचे अभ्यासक हर्मन फाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या पाझरणाऱ्या रसातून शोधलेलं हे यीस्ट, वीसेक अंश तापमानात वाढणारं. डीएमएसओ या गरम द्रावकाने पेशी फोडल्या की अर्क तयार. पण मॅडम गेल्यावर मी दोन्ही पद्धतींचे कागद शेजारी ठेवले आणि वाचता वाचता थांबलो. यीस्टमधलं अ‍ॅस्टाझॅन्थिन सुटं असतं, ते तसंच मशीनमध्ये जातं. शेवाळातलं मात्र बहुतेक सगळं स्निग्धाम्लांना एस्टर बनून चिकटलेलं असतं. ते सोडवायला आणि क्लोरोफिल काढून टाकायला आम्ही अर्कात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तो गरम करत होतो. ही पायरी आमच्या जुन्या, झेंडूतल्या ल्यूटिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली. ल्यूटिन ते सोसतं. अ‍ॅस्टाझॅन्थिनच्या दोन्ही कड्यांवर हायड्रॉक्सिल आणि कीटो गट शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे तीव्र अल्कली आणि हवा एकत्र आली की त्याचं ऑक्सिडेशन होऊन अ‍ॅस्टासीन बनतं.

आणि अ‍ॅस्टासीनही लालच असतं.

आलेख पुन्हा उघडला. अ‍ॅस्टाझॅन्थिनचं शिखर बुटकं, आणि थोड्या अंतरावर एक मोठं शिखर, ज्याला मी तीनही वेळा 'इतर कॅरोटिनॉइड' म्हणून सोडून दिलं होतं. खात्री करायला विकतचं शुद्ध अ‍ॅस्टाझॅन्थिन त्याच अल्कलीत तितकाच वेळ ठेवलं. तेच शिखर, त्याच मिनिटाला. मग शेवाळाचा ताजा अर्क कोलेस्टेरॉल एस्टरेज या एन्झाइमने, ३७ अंशांवर, उदासीन बफरमध्ये सोडवला. ३.१ टक्के.

१९३० च्या दशकातल्या रसायनशास्त्रज्ञांनाही याच अल्कलीने चकवलं होतं. शेवंडीतून त्यांच्या हाती आधी अ‍ॅस्टासीनच लागलं. मूळ रंगद्रव्य वेगळं आहे हे रिचर्ड कून आणि सोरेन्सेन यांनी १९३८ साली दाखवलं. हे मी शिकताना वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

शिफारस मी त्याच संध्याकाळी मागे घेतली, टाकी वाचली. पण दोन महिन्यांपूर्वी अशाच आकड्यावर आम्ही एक टाकी ओतून दिली होती. उणे वीसच्या फ्रीजरमध्ये तिचा राखून ठेवलेला नमुना सापडला. तो मोजला नसता तरी कोणी विचारलं नसतं. मी मोजला. २.६ टक्के.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्या टाकीनंतर माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून त्यांनी प्रकाशाचं वेळापत्रक बदललं होतं, नायट्रोजन तोडण्याचा दिवसही पुढे ढकलला होता. आठ आठवडे त्या नसलेला दोष शोधत होत्या. त्यांनी आकडा ऐकला, आणखी एकदा विचारून घेतला. मग कपाटातून जुनी वही काढली, वेळापत्रकाचं पान उघडलं आणि दिव्यांचे टायमर पूर्ववत करायला गेल्या. मी नळ्या धरायला बरोबर गेलो.