बाबांची सागवानी फळी

जानेवारीत तीन आठवडे हडपसरला आमच्या घरी राहून आले. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तेच विचारलं. समोरच्या काकूंनी चहाचा कप हातात धरूनच विचारलं, "अगं, पाय चालत नाहीत, मग विमान कसं चालवतेस?"

मला हा प्रश्न मनापासून आवडतो. "तुझ्या हिमतीची कमाल आहे" यावर काय बोलावं ते मला कळत नाही. पण "कसं" याला उत्तर आहे, आणि ते सांगायला मला तास अपुरा पडतो. काकूंना अर्धंच सांगून झालं होतं, बाकीचं इथे लिहिते.

आधी थोडं मागचं. लहानपणी आमच्या गच्चीवरून सासवड रस्त्याकडच्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडर दिसायची. ही बिनइंजिनाची विमानं जमिनीवरच्या यंत्रानं (विंचनं) ओढलेल्या दोरीवर पतंगासारखी सरसर चढायची, वर गेल्यावर दोरी सुटायची आणि मग नुसती शांतता. अकरावीत असताना बाबांनी मला एकदा त्यात बसवलं. खाली उतरल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, असं आई अजून सांगते. पुढे नोकरीसाठी इंग्लंडला आले आणि 2015 साली खासगी वैमानिकाचा परवाना काढला. त्यासाठी किमान 45 तासांचं उड्डाण लागतं, मला 61 लागले. नोव्हेंबर 2019 मध्ये ओल्या रस्त्यावर माझी गाडी घसरून झाडावर आदळली. पाठीचा बारावा मणका फुटला आणि दोन्ही पाय लुळे पडले. इस्पितळातल्या महिन्यांबद्दल आज लिहीत नाही.

बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. खडकीतच जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. हवाई दलात मिग-21 चालवणारे एम. पी. अनिल कुमार तिथे राहायचे. 1988 मधल्या मोटरसायकल अपघातात त्यांच्या मानेला इजा झाली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. तोंडात काडी धरून ते लिहायचे, 2014 मध्ये गेले. बाबांनी त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या अपघातानंतर, फोनवर. सांगताना त्यांचा आवाज कापत होता, पण म्हणाले, "तुझे हात आहेत. हातांनी काय काय होतं ते बघ." कण्याला इजा कुठे झाली यावर पुढचं सगळं ठरतं. मानेत झाली तर हातही जाऊ शकतात. माझी बरीच खाली होती.

आणि लहान विमान मुळात हातांनीच उडतं. पंख कलते करायचे, नाक वर-खाली करायचं, हे सगळं योकवर, म्हणजे समोरच्या हातचाकावर. इंजिनाची ताकद थ्रॉटलच्या दांड्यावर, पुढे ढकलला की जोर वाढतो. पायांकडे राहतं ते रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू, आणि जमिनीवर असताना पुढचं चाक व ब्रेक. वर स्थिर उडताना पायांना फारसं काम नसतं. खरं काम असतं ते धावपट्टीवर आणि तिच्या आसपास.

इंग्लंडमधल्या ब्लॅकबुश विमानतळावर एरोबिलिटी नावाची संस्था आहे. 1993 पासून ती अपंग माणसांना विमान चालवायला शिकवते. त्यांच्या पायपर वॉरियर विमानात रडरच्या पेडलांना एक दांडी जोडता येते. दोन्ही पेडलं आतून एकमेकांना बांधलेली असतात, एक पुढे गेलं की दुसरं मागे येतं, त्यामुळे एकच दांडी पुरते. ढकलली की नाक एकीकडे, ओढली की दुसरीकडे. ब्रेकसाठी या विमानात पॅनेलखाली हाताचा दांडा मुळातच असतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सांध्यात प्ले किती आहे?" म्हणजे सांधा किती ढिला आहे. तेवढाच प्रश्न.

अडचण एवढीच की हात दोन आणि कामं तीन: योक, थ्रॉटल, दांडी. डावा हात योकवरून हलत नाही, उजव्यानं बाकीचं. इंजिन पूर्ण जोरात सोडलं की नाक डावीकडे ओढ घेतं. पायवाला वैमानिक त्याच क्षणी उजवं पेडल दाबतो. माझा उजवा हात मात्र तेव्हा थ्रॉटलवर असतो. म्हणून थ्रॉटल मी सावकाश पुढे नेते, तो आपोआप मागे सरकू नये म्हणून घर्षणाचा स्क्रू आधीच आवळून ठेवते, आणि हात दांडीवर आणते. उतरताना उलटा क्रम. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, लवकर लावून घ्यायचे, योकवरचा जोर कमी करणारं ट्रिमचं चाक असं बसवायचं की योकवर दोन बोटं पुरावीत. वेग 65 नॉट, म्हणजे ताशी साधारण 120 किलोमीटर. धावपट्टी डोळ्यांसमोर रुंद होऊ लागली की थ्रॉटल बंद, हात दांडीवर, नाक सरळ. आडवा वारा असला तर हे सगळं दोन-तीन सेकंदांत. पहिल्या आठ-दहा वेळा माझा हात थ्रॉटलवरच राहिला आणि शेजारच्या प्रशिक्षकांनी विमान सरळ केलं. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

पायांचीही एक तऱ्हा आहे. ते माझं ऐकत नाहीत, पण कधी कधी आपलेआप झटका देतात. तो झटका पेडलवर बसला तर विमान वळेल. म्हणून मांड्या आणि पोटऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधते, टाचा मागे. बसायची गादी घरची. खाली संवेदना नसल्यामुळे चुकीच्या जागी तासभर बसलं तरी कातडी फुटते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही.

पण या सगळ्याच्या आधी विमानात शिरायचं असतं. वॉरियरला एकच दार, उजव्या पंखावर. म्हणजे चाकाच्या खुर्चीतून पंखावर, पंखाच्या चढावरून मागे मागे सरकत दारापाशी, उजव्या आसनावरून डाव्या आसनावर. खुर्चीतून सरकायला एक फळी लागते. इथे मिळते ती प्लॅस्टिकची. घरात ती ठीक, पण पंखावर ती वाकायची, आणि मी तर मधोमध बसलेली.

बाबांना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्यांनी खुर्चीची उंची विचारली, पंखाच्या मागच्या कडेची विचारली, माझं वजन विचारलं. पंधरा दिवसांनी सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस बसनं भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेला आणि जुन्या दाराचं सागवान घेऊन आला. नवं लाकूड पीळ खातं, म्हणाले. लांबी अडीच फूट, जाडी पाऊण इंच, दोन्ही टोकं रंधा मारून कागदासारखी उतरती, एका बाजूला बोटं घालायला खाच. महिनाभर पॉलिश पेपर मारत होते, असं आईनं नंतर सांगितलं. कपडा अडकू नये म्हणून फळीवर ते स्वतःचं जुनं धोतर ओढून बघायचे.

मे 2023 मध्ये त्या फळीवरून मी पंखावर गेले. आधी फ्लॅप पूर्ण वर आहे ना ते हातानं दाबून पाहिलं. वर असला की तो अडकून बसतो आणि वजन पेलतो. मग फळीचं टोक त्याच्या पुढच्या काळ्या खरखरीत पट्टीवर टेकवलं. दोन्ही हात, खांदे, सरकणे. मग एक पाय उचलून ठेवायचा, मग दुसरा. बारा मिनिटं लागली. आत पोचले तेव्हा घामानं निथळत होते आणि पेट्रोलचा तो ओळखीचा वास आला. साडेतीन वर्षांनी. मी रडले. प्रशिक्षक बाहेर चाकांची हवा बघत राहिले, बराच वेळ.

पुढे वैद्यकीय चाचणीचं उड्डाण झालं. परीक्षकांनी मध्येच थ्रॉटल मागे घेऊन "इंजिन बंद पडलंय, आता?" असं विचारलं. शेवटी विमानातून एकटीनं बाहेर पडून दाखवायला लावलं. सरावाच्या सुरुवातीला मला बाहेर यायला दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी पन्नास सेकंद लागले. आता माझ्या प्रमाणपत्रावर नोंद आहे की मंजूर हातकंट्रोल असलेलंच विमान चालवायचं. ऑक्टोबरात एकटीनं धावपट्टीभोवती एक फेरी मारली. उतरल्यावर पुण्याला फोन केला, तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. आईला बोलताच येईना. बाबांनी विचारलं, "आडवा वारा किती होता?"

"सहा नॉट, बाबा."

"मग ठीक आहे."

या जानेवारीत त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी एका कचेरीत गेलो होतो. दाराला चार पायऱ्या. तिथल्या दोघांनी मला खुर्चीसकट उचललं. माणसं फार चांगली होती, पण उचलताना खुर्ची मागे कलते, तोंड आभाळाकडे होतं, आणि स्वतःच्या हातात काहीच उरत नाही. परवाना खिशात असताना मला तसं वर जावं लागलं याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. बाबा काही बोलले नाहीत. परत निघताना, फळीवरून मी रिक्षात सरकेपर्यंत, त्यांनी पायऱ्या मोजल्या. सहा इंचांच्या चार, चोवीस इंच. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बाराचा उतार (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरला तर चोवीस फूट लागतात, आणि पार्किंगच्या बाजूनं तेवढी जागा आहे. दुसऱ्या दिवशी पेन्सिलनं काढलेला नकाशा ते त्या कचेरीत देऊन आले.

निघायच्या आदल्या दिवशी फळी दुरुस्तीला घेतली. एका टोकाचा टवका उडाला होता. गॅलरीत मांडीवर घेऊन त्यांनी आधी वरची बाजू घासली, मग फळी उलटी केली. मागे काळे ओरखडे होते, पंखावरच्या त्या पट्टीचे. त्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे पंखाचे?"

"हो."

त्यांनी पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवला आणि मागची बाजू तशीच राहू दिली.