काकांनी मान डोलावली

लंडनच्या उत्तरेला असलेल्या हॅटफिल्ड या छोट्या शहरात मी गेली सहा वर्षे राहते. येथील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५पासून स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी ‘कॅस्पर’ हा लहान मुलाएवढा रोबो घडवला जात आहे. तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हा माझी थोडी निराशाच झाली, कारण त्याचा चेहरा जवळजवळ कोरा आहे. तो मुद्दाम तसा ठेवला आहे, हे नंतर कळले. माणसाच्या चेहऱ्यावर भुवया, डोळे आणि ओठ यांची एकाच वेळी इतकी हालचाल चालू असते की त्यातले नेमके काय टिपायचे, हे अनेक स्वमग्न मुलांना उमगत नाही; कॅस्परचे हसू मात्र दर वेळी सारखेच असते. गुदगुल्या केल्या की तो हसतो, जोरात मारले की दुखल्याचे सांगतो, आणि हे कितीही वेळा केले तरी चिडत नाही.

नाशिकला इंदिरानगरमध्ये राहणारा माझा ९ वर्षांचा भाचा स्वमग्न आहे. रोबो आमच्या आवाक्यातला नाही (‘आधी घरातला मिक्सर बदलू दे,’ असे दादाने सुनावलेच), म्हणून मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा आम्ही फोनवरच भागवले. मुलाकडून एखादी कृती करून घेऊन तिचे चित्रीकरण करायचे आणि मधल्या सूचना कापून टाकायच्या, म्हणजे पडद्यावर तो स्वतःच ते काम न अडखळता करताना दिसतो. या पद्धतीला व्हिडिओ सेल्फ-मॉडेलिंग म्हणतात. आम्ही निवडलेले काम होते कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन ‘काका, अर्धा लिटर दूध द्या’ असे म्हणण्याचे. वहिनीने मागून सात वेळा पुरवलेले शब्द वगळल्यावर ४० सेकंदांचा व्हिडिओ उरला. तो रोज संध्याकाळी पाहून पाचव्या दिवशी भाचा एकटा काउंटरपर्यंत गेला, आणि दूध न घेताच परतला. काका ‘नाही’ म्हणाले, असे त्याचे म्हणणे.

काका नाही म्हणालेच नव्हते. भाचा वर्षभर वापरत असलेल्या, हावभाव शिकवणाऱ्या इंग्रजी ॲपमध्ये मान वर-खाली हलली की होकार आणि आडवी हलली की नकार, एवढेच शिकवले होते; काकांनी आपल्याकडे सगळेच डोलावतात तशी मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी काकांची परवानगी घेऊन त्यांच्याच मानेचा व्हिडिओ काढला. दूध मिळू लागले. मग एकदा त्यांनी ‘सुट्टे आहेत का?’ असे विचारले, तो प्रश्न व्हिडिओत नव्हता, आणि गाडी पुन्हा अडली.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये असे मांडले की स्वमग्न व्यक्तीला इतर जितके कळत नाहीत, तितकीच तीही इतरांना कळत नसते. ॲप मात्र फक्त मुलालाच सुधारायला बसते, ही माझी तक्रार आहे. म्हणून शेवटचा धडा आम्ही काकांना दिला: प्रश्न एकदाच विचारावा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. मागे रांग असली तरी ते थांबतात, असे वहिनी सांगते.

भाच्याला व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ असे विचारले की हल्ली तो हुबेहूब काकांसारखी मान डोलावतो, आणि तो जेवला की नाही, हे मला वहिनीला विचारावे लागते.