तुम्ही विचारलंत म्हणून: डेक वाटेत हरवला तर?

टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहायच्या चित्रपत्त्यांचा, एकच डेक (संच) टपालाने देशोदेशी फिरतो आणि मीही त्या फेरीत आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि वाटेत हरवला तर?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा 'कशाला हे नसते उद्योग' हाच भाव जास्त असतो. तरी विचारलंत म्हणून सांगते.

आधी प्रकार काय तो. एक डेक, त्याच्याबरोबर एक वही आणि नावांची एक यादी. डेक ज्याच्याकडे पोचेल त्याने तो दोन-तीन आठवडे ठेवायचा, स्वतःसाठी पत्ते काढायचे, काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि यादीतल्या पुढच्या माणसाला धाडून द्यायचा. पाठवण्याचा खर्च ज्याने त्याने आपल्या टप्प्यापुरता करायचा. यादी संपली की डेक मूळ मालकाकडे परत.

तर हरवतो का? टपालात क्वचित. डेक खरा हरवतो तो कुणाच्या तरी टेबलावर. 'या शनिवारी नक्की' म्हणता म्हणता महिने जातात, मग त्या माणसाला लाज वाटायला लागते, मग तो मेसेजला उत्तर देणंच टाळतो. चोरी करायची म्हणून कुणी डेक ठेवून घेत नाही. म्हणून फेरी चालवणाऱ्याने टपाल खात्यावर अविश्वास दाखवण्यापेक्षा माणसाच्या आळसाचा बंदोबस्त करावा. पाठवायच्या आधी पुढच्याला विचारायचं की पत्ता तोच आहे ना, येत्या महिन्यात घरी आहात ना. उत्तर आलं नाही तर त्याला सरळ शेवटी टाकायचं. पार्सल टाकल्याच्या दिवशीच ट्रॅकिंग नंबर सगळ्यांना कळवायचा. हे कोरडं वाटतं, पण फेऱ्या यावरच पूर्ण होतात.

दुसरा बंदोबस्त डेक निवडतानाच करायचा. छपाई बंद झालेला, हौसेने जपलेला डेक फेरीत कधीच सोडू नये. १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला, गूढविद्येचा अभ्यासक आर्थर वेट याच्या कल्पनेतून चित्रकार पॅमेला कोलमन स्मिथने रंगवलेला डेक आजही सहज मिळतो, तो फिरवायला उत्तम. गेला तर वाईट वाटेल, पण दुसरा आणता येईल. एखादाच पत्ता गहाळ झाला तरी फेरी थांबवायचं कारण नाही. बऱ्याच डेकमध्ये ७८ पत्त्यांशिवाय एक-दोन जादाचे असतात, त्यावर हरवलेल्याचं नाव लिहून तो सामील करायचा. मात्र येताना आणि जाताना ७८ मोजायचेच. बावीस 'मोठे', म्हणजे एकेका नावाच्या चित्राचे, आणि छप्पन 'छोटे', म्हणजे चार रंगांत वाटलेले. हे न मोजणाऱ्या माणसावर माझा अजिबात विश्वास नाही.

हरवण्याच्या पाठोपाठ विचारलं जातं ते 'दुसऱ्यांनी हाताळलेले पत्ते चालतात का?' आपल्या डेकला परक्याचा हात लागू देऊ नये, असं मानणारे पुष्कळ आहेत; त्यांनी या फेरीत येऊ नये, भांडण नाही. पण टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो पत्त्यांचा खेळ म्हणून, म्हणजे चार जणांनी एका टेबलावर पिसायला, वाटायला आणि आपटायलाच. भविष्य त्याला नीट चिकटलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. तेव्हा परक्या हातांचं सोवळं बरंच नंतरचं.

गंमत म्हणजे त्याच इटलीसाठी अमेरिकी टपाल खात्याच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत 'कोणत्याही प्रकारचे खेळाचे पत्ते' अशी नोंद राहिलेली आहे. म्हणून दर टप्प्याला, ज्या देशातून पाठवायचं त्याच्या टपाल खात्याची यादी उघडून पाहायची. सौदी अरेबियात तर जादूटोणा हाच गुन्हा आहे. तिथे असा डेक पाठवून घेणाऱ्याला अडचणीत आणण्यात कसलं आलंय धाडस?

सीमाशुल्काचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पार्सल अडकतं ते इथेच. छोट्या पाकिटावर सीएन २२ हा अर्ज लागतो. त्यावर 'टॅरो' एवढंच लिहू नका; 'वापरलेले छापील पत्ते आणि वही' असं लिहा, वजन लिहा, आणि किंमत खरी लिहा. शून्य लिहिलं की संशय येतो, नव्या डेकची किंमत लिहिली की कर येऊ शकतो. जुन्या डेकची प्रामाणिक किंमत बहुतेक ठिकाणी भेटवस्तूंच्या सवलतीत बसते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची सूट काढून टाकली, पण व्यक्तीने व्यक्तीला पैसे न घेता पाठवलेल्या ४५ युरोंपर्यंतच्या भेटीला ती ठेवली. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पौंड आहे.

यादीचा क्रम लावताना हेच डोक्यात ठेवायचं. युरोपीय संघातली माणसं एकापाठोपाठ घेतली की मधल्या टप्प्यांना सीमाशुल्काचा कागदच लागत नाही. नावं आली त्या क्रमाने यादी लावणारे संयोजक डेकला उगाच तीच सरहद्द पुन्हा पुन्हा ओलांडायला लावतात. अमेरिकेचं २०२५ मध्ये बिनसलं. २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी बंद झाली. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी वगळल्या होत्या, तरी गोंधळात अनेक देशांच्या टपाल खात्यांनी काही काळ तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं किंवा कमी केलं. तेव्हापासून मी अमेरिकेतली नावं एकत्र आणि शक्यतो शेवटी ठेवते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वहीसाठी. डेक कुठेही मिळेल, ती वही मिळणार नाही. एकाने 'टॉवर' हा कोसळत्या मनोऱ्याचा पत्ता काढून नोकरी गेल्याचं लिहिलेलं असतं. त्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत, त्याला कधीही न भेटलेल्या माणसाने आपल्या घटस्फोटाबद्दल दोन ओळी जोडलेल्या असतात. भांडणंही रंगतात. वेटच्या डेकमध्ये 'शक्ती' हा पत्ता आठवा आणि 'न्याय' अकरावा. मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकच्या परंपरेत नेमकं उलटं. मार्सेयवाला कुणी भेटला की समासात लाल शाईने आकडे दुरुस्त करतो आणि पुढचा माणूस ते पुन्हा खोडतो. पत्त्यांचे अर्थ सांगणारी पुस्तकं मी वाचलेली आहेत; अशा वहीइतकं त्यांनी मला शिकवलेलं नाही, कारण पुस्तकात पत्त्याचा अर्थ असतो, इथे तो कुणाला तरी लागलेला असतो.

वही फुगत जाते, चिकटवलेली तिकिटं आणि चित्रं यांनी ती डेकपेक्षा जड होते, आणि मग टपालाचा दर वरच्या वजनात जातो. तेव्हा दुसरी वही सुरू करायची आणि भरलेली मालकाकडे पाठवून द्यायची. पार्सल बांधण्याआधी आपल्या वेळी भरलेल्या पानांचे फोटो काढून संयोजकाला पाठवायचे, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. ते फोटो असले की अडकलेल्या डेकची वाट पाहत बसावं लागत नाही: एक प्रेमळ मेसेज, महिन्याने दुसरा, आणि त्यानंतर तोच डेक नवा विकत घेऊन, फोटोंच्या छापील प्रती नव्या वहीत लावून, यादीतल्या पुढच्या नावापासून फेरी चालू करायची. आधीचा डेक नंतर उगवलाच, तर त्याची दुसरी फेरी काढता येते.