‘काय’ नावाचा तारा आणि साडेपाच मिनिटं

एनजीसी १३६५ ही मधोमध ताऱ्यांचा आडवा दांडा असलेली सर्पिल दीर्घिका मला तिसऱ्या अमावास्येला सापडली. पहिल्या खेपेला ढग, दुसऱ्या खेपेला आरशावर दव. पण खरं सांगायचं तर दोन्ही वेळा आकाश थोडा वेळ उघडलं होतं. फॉरनॅक्स तारकासमूहात धरून पुढे जावं असा एकही ठळक तारा नाही, आणि मी अंदाजाने दुर्बीण ढकलत बसले होते.

१८२६ साली खगोलनिरीक्षक जेम्स डनलॉपने ऑस्ट्रेलियातून हिची नोंद केली. तिकडे ती जवळजवळ डोक्यावर येते. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या माळावरून जेमतेम ३५ अंश वर, डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास.

या वेळी काका सोबत होते. दुर्बीणही त्यांचीच, १० इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण.
“आधी काय-३ धर.”
“काय तीन?”
“ग्रीक अक्षर गं, काय! तीन बारीक ताऱ्यांचा त्रिकोण दिसतोय ना, त्यातला पूर्वेचा.”

तो मधोमध आणला. “आता हात लावू नकोस. दीर्घिका याच्या पूर्वेला आहे. साडेपाच मिनिटं थांब, फिरणारी पृथ्वीच आणून देईल.”

दुर्बिणीत दिसणाऱ्या एक अंशाच्या त्या गोलातून तारे सरकत गेले. कुणीतरी मोबाईल उघडला, उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात म्हणून काका ओरडले. मग गोलाच्या एका बाजूने धुराचा ठिपका आत आला. सरळ पाहिलं की नुसता ठिपका. नजर जरा तिरकी केली, आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघ उमटली. तोच दांडा! गाभ्यातून आरपार गेलेला, ज्यावरून वायू आणि धूळ आत घसरत जाते, तिथे नवे तारे घडतात आणि काही माल मधल्या कृष्णविवराच्या पोटात जातो. दांड्याच्या टोकांना फुटलेल्या भुजा फोटोत भरदार दिसतात. मला एका टोकाला हलकासा बाक जाणवला, तोही दहा मिनिटं डोळा लावल्यावर.

हिचा विस्तार सुमारे २ लाख प्रकाशवर्षं, अंतर साधारण ५.६ कोटी. काकांनी बूट खालच्या कातळावर आपटला. “हा ६.६ कोटी वर्षांचा. तो प्रकाश ५.६ कोटी वर्षांपूर्वी निघाला तेव्हा आपल्या सह्याद्रीचा लाव्हा केव्हाच थंड झालेला.”

लाल टॉर्चच्या उजेडात वहीत काढलं: एक ठिपका, एक आडवी रेघ, टोकाला बाक. घरी आईने विचारलं, “हे उलटं स्वल्पविराम कशाला काढलंयस?”