ईसीजी काढायला आलेल्या बायका

आमच्याकडे ईसीजी काढायला आलेली बाई पहिल्यांदा विचारते, "ताई, ब्लाऊज काढावा लागेल का हो?" आणि लगेच पुढे, "शॉक नाही ना बसणार?"

सिंहगड रोडवरच्या एका छोट्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. शॉक बसत नाही. मशीन अंगात काही सोडत नाही, हृदयातून निघणारी वीज तेवढी कागदावर उतरवतं. ब्लाऊजची बटणं मात्र सोडावी लागतात. छातीवर सहा फुगे, म्हणजे वीज टिपणारे रबरी चिकटे, लागतात आणि त्यांच्या जागा बरगड्या मोजून ठरतात. संकोचापोटी फुगा दोन बोटं वर लावला, तर कधी नसलेला आजार दिसतो, कधी असलेला लपतो. म्हणून दार लावून घ्या म्हणा, पडदा ओढायला सांगा, बाई टेक्निशियन असेल तर तिलाच बोलवा म्हणा. हक्काने मागा. पण ती सुट्टीवर आहे, मग उद्या येते, असं म्हणून घरी जाऊ नका.

नवऱ्यांची तपासणी कंपनीच्या खर्चाने होते. साहेब टीएमटीच्या (चालताना हृदय तपासायची चाचणी) पट्ट्यावर चालत असतात आणि बायको बाहेर फाइल धरून बसलेली असते. तिचं बीपी कधी बघितलं होतं, विचारलं तर उत्तर येतं, "धाकट्याच्या बाळंतपणात." धाकटा इंजिनिअर झालेला असतो! बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. पाळी गेल्यावर तो सगळ्यांचाच वाढतो.

पर्वती पायथ्याच्या एक मावशी आल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करतात. सकाळपासून जबडा ठणकत होता, तो दातच असणार म्हणून मिश्री लावली. थांबेना म्हणून परत लावली. मळमळायला लागलं तेव्हा पित्त समजून आमसूल चोखलं. शेवटी कामावरच्या काकू हाताला धरून घेऊन आल्या. छातीत दुखतंय का विचारलं, तर म्हणे, "दुखत नाही, नुसतं भरून आल्यासारखं होतंय." घाम इतका की फुगे सटकत होते. पुसून पुन्हा लावले. ईसीजीची पट्टी सरकत बाहेर आली आणि दोन, तीन, एव्हीएफ या हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या तिन्ही रेघांत एसटी नावाचा भाग वर उचललेला. हृदयाच्या खालच्या बाजूचा ॲटॅक. डॉक्टर पट्टी बघूनच खुर्चीतून उठले. १०८ ला फोन लावला, तर मावशींना काळजी संध्याकाळच्या घरी कोण कळवणार याची.

ॲन्जिओप्लास्टी झाली, मावशी वाचल्या. मिश्री सुटली का, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. भाजली तरी ती तंबाखूच.

बायकांनाही ॲटॅकमध्ये बहुतेक वेळा छातीत दुखतंच. पण त्याच्या जोडीला, किंवा कधी त्याच्याऐवजी, धाप, मळमळ, जबडा-पाठ-खांदा दुखणं, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटणं हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. आणि हे सगळं पित्तात, ॲसिडिटीत, 'दगदग झाली'मध्ये आरामात बसतं.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या दिवशीच्या पोस्टरवर हटकून टाय लावलेला गृहस्थ छाती धरून उभा. दोन दिवसांनी ऑक्टोबर लागला की सगळीकडे गुलाबी फिती. त्या हव्यातच, पण जगात स्तनाच्या कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त बायका हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने जातात. एखाद्या पोस्टरवर नऊवारीतली आजी येऊ द्या की!

आता कामाचं. अशी लक्षणं आली तर स्कूटरवर मागे बसून जाऊ नका, जिने चढउतार नको, १०८ लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटका झाली असं नाही. डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगतात, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणी करतात, तेवढं थांबा. भाजी कोणीतरी टाकेल.

आणि जुनी पट्टी फेकू नका. नव्या पट्टीत काय बदललं हे तिच्याशी ताडून बघता येतं. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडतात. घरी गेल्या गेल्या मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवून ठेवा.