कागदावर साठ मीटर बुडालेला प्लॉट

पुण्यात लोहगाव विमानतळाच्या आसपास उंच इमारत बांधायची तर हवाई दलाची एनओसी लागते. त्या अर्जात साइटचं एलिव्हेशन, म्हणजे जमिनीची उंची, भरायचं असतं, समुद्रसपाटीपासून, मीटरमध्ये. खराडीच्या एका प्लॉटचा अर्ज माझ्याकडे सर्व्हेअरच्या सहीसाठी आला, त्यात आकडा होता 487.

लोहगावची धावपट्टी 592 मीटरवर आहे. खराडी नदीकडे उतरते हे मान्य, पण शंभर मीटर? अख्खी पर्वती चढून गेलात तरी एवढं होत नाही.

मीटिंगमध्ये विचारलं, "हे एलिव्हेशन कुणी दिलं?" आर्किटेक्ट मॅडमनी फ्रंट एलिव्हेशनची, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूच्या चित्राची, शीट पुढे सरकवली, काचा, बाल्कन्या, सगळं रंगवलेलं. साइट इंजिनिअर म्हणाला, "सर, आमचं तर 100.000 आहे." त्याचंही बरोबरच. गेटजवळ टीबीएम, म्हणजे उंचीची तात्पुरती खूण, मारायचा आणि तिथे शंभर धरायचे, ही साइटवरची जुनी रीत. खोदाईला, प्लिंथला तेवढं पुरतं. 487 मात्र डीजीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांवरून मोजणाऱ्या यंत्राच्या, रिपोर्टमधून जसाच्या तसा उतरवला होता.

डीजीपीएसला समुद्र कळत नाही. तो उंची मोजतो पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते, आणि आपल्या भागात ती त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभर मीटरच्या आसपास, पुण्यात साठहून थोडी जास्त. म्हणून इथे डीजीपीएसचा कच्चा आकडा नेहमी तेवढाच कमी येतो. सॉफ्टवेअरमध्ये जिऑइड मॉडेल, म्हणजे या खऱ्या समुद्रसपाटीचा नकाशा, निवडलं की फरक भरून निघतो; इथे ते कुणी निवडलंच नव्हतं.

एनओसीत बघतात ते इमारतीचा माथा समुद्रसपाटीपासून किती वर जातो ते. जमीनच कागदावर साठ मीटर खाली गेली, तर माथाही तेवढाच खाली दिसणार. म्हणजे विमानांच्या वाटेत जवळपास वीस मजले फुकटात!

मॉडेलवर भिस्त न ठेवता मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे नेमकी उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून, ऑटो लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राने लेव्हल आणली, जाऊन-येऊन. उन्हात स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, धरणारा पोरगा वैतागला, पण क्लोजिंग, म्हणजे जाता-येतानाचा हिशेब, छान जुळलं. आकडा आला 551.

बिल्डरसाहेबांना जिऑइडशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग वरचे किती मजले जाणार?"

"ते हवाई दल सांगेल," म्हटलं, आणि सुधारलेला अर्ज त्यांच्यापुढे सहीला ठेवला.